तिबेटी वैद्यकातलं रक्तमोक्षण : शिरांच्या नकाशापासून पट्टी सुटेपर्यंत

तिबेटी वैद्याकडे शीर तोडून घ्यायला गेलेल्या माणसाला पहिल्या दिवशी बहुधा रक्त न काढताच परत यावं लागतं. वैद्य नाडी बघतो, लघवी बघतो, जीभ बघतो, भुकटीच्या पुड्या हातावर ठेवतो आणि काही दिवसांनी यायला सांगतो. लांबून आलेल्याला हे खटकतं. पण उपचार त्या पुड्यांपासूनच सुरू झालेला असतो. सोवा रिग्पा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वैद्यकात शिरेवरची चीर हा रक्तमोक्षणाचा, म्हणजे शीर तोडून रक्त काढण्याच्या उपचाराचा, सगळ्यात छोटा भाग आहे. कौशल्य लागतं ते त्याआधीच्या तयारीत. जो ही तयारी गाळतो त्याच्यापुढे हात करू नये, हे मला या लेखात ठासून सांगायचं आहे.

धरमशाला, लेह, किंवा कर्नाटकातल्या बैलकुप्पे, मुंडगोडच्या दवाखान्यात जाऊन हा उपचार घ्यावा का, या विचारात असलेल्यांसाठी हा लेख आहे. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांनाही तो उपयोगी पडेल, कारण वाग्भट आणि सुश्रुत वाचलेल्याला तिबेटी ग्रंथात पावलोपावली ओळखीच्या खुणा दिसतात. घरी करायची ही गोष्ट नव्हे. म्हणून चीर किती खोल, कोणत्या कोनात, हे मी लिहिणार नाही. ते गुरूसमोर बसून, वर्षानुवर्षं हात बसवून शिकायचं असतं.

आधी शिरांचा नकाशा

तिबेटी वैद्यकाचा पायाभूत ग्रंथ म्हणजे 'ग्यूशी'. त्यात चार तंत्रं आहेत : मूलतंत्राचे ६ अध्याय, व्याख्यातंत्राचे ३१, उपदेशतंत्राचे ९२ आणि उत्तरतंत्राचे २७, असे एकूण १५६. परंपरा या ग्रंथाचं श्रेय बाराव्या शतकातल्या धाकट्या युथोक योंतेन गोन्पो यांना देते. त्याच्या शंभरेक वर्षं आधीच, अकराव्या शतकात, रिन्चेन झांग्पो या थोर अनुवादकाच्या प्रयत्नांतून वाग्भटाचं 'अष्टांगहृदय' तिबेटीत पोचलं होतं. त्यातल्या सूत्रस्थान या भागाचा २७वा अध्याय सिराव्यधाचा, म्हणजे शीर तोडण्याचा. ग्यूशीत रक्तमोक्षण येतं ते उत्तरतंत्राच्या २०व्या अध्यायात, आणि डाग देण्याचा उपचार त्याला लागूनच २१व्या अध्यायात. दोन्ही अध्याय शेजारी ठेवून वाचले की कुठे उचल आहे आणि कुठे तिबेटी वैद्यांनी आपली भर घातली आहे, ते स्पष्ट दिसतं.

शरीररचनेत ग्यूशी चार प्रकारच्या वाहिन्या सांगते : गर्भ घडवणाऱ्या, अस्तित्व टिकवणाऱ्या, जोडणाऱ्या आणि आयुष्य धारण करणाऱ्या. रक्तमोक्षणाच्या कामाला येतात त्या जोडणाऱ्या. त्यांचे पुन्हा दोन भाग. पांढऱ्या वाहिन्या मेंदूपासून निघतात. आजच्या भाषेत त्या बऱ्याचशा मज्जातंतू. काळ्या वाहिन्या रक्ताच्या. या काळ्या वाहिन्यांचा मुख्य सोट म्हणजे काळी प्राणवाहिनी. तिच्यापासून २४ मोठ्या शाखा निघतात. त्यांतल्या ८ आत दडलेल्या असून अवयवांना जोडलेल्या आहेत, तर १६ बाहेरून दिसणाऱ्या असून हातापायांकडे जातात. त्यांतून पुढे ७७ शिरा अशा, ज्या तोडून रक्त काढता येतं, आणि ११२ अशा, ज्या नाजूक म्हणून जपायच्या. दोन्ही मिळून १८९. त्यापुढे बाहेर, आत आणि मध्ये प्रत्येकी १२० अशा ३६० शाखा, मग ७०० बारीक शाखा, आणि त्यानंतर न मोजता येणारं जाळं.

सुश्रुत वाचलेल्याला इथे थांबावंसं वाटेल. त्याच्याही शिरा ७०० आणि त्यांतल्या ९८ अवेध्य, म्हणजे ज्यांना शस्त्र लावायचंच नाही. कोणती शीर तोडायची याच्या बरोबरीने कोणती तोडायची नाही, याची यादी दोन्ही परंपरांनी केली. तिबेटी वैद्यकात मर्मस्थानं ३०२ आहेत आणि त्यांतली तब्बल १९० वाहिन्यांशी संबंधित. आयुर्वेदाच्या १०७ मर्मांत सिरामर्मं ४१. वाहिन्यांच्या धोक्याकडे तिबेटी वैद्यांनी किती बारकाईने पाहिलं, ते या आकड्यांवरून कळतं. रक्त काढणारा वैद्य या १९० जागा पाठ नसताना हत्यार उचलत असेल, तर तो परंपरेचा अर्धा भाग सोडून आलेला आहे.

हा नकाशा डोळ्यांनी पाहायचा असेल तर सतराव्या शतकाच्या अखेरीस ल्हासात तयार झालेली ७९ वैद्यकीय पटचित्रांची मालिका जरूर पाहा. पाचव्या दलाई लामांचे राज्यप्रतिनिधी देसी सांग्ये ग्यात्सो यांनी ती आपल्या ग्यूशीवरील भाष्याला जोडून करवून घेतली. चाकपोरीचं वैद्यकीय विद्यापीठ १६९६ मध्ये उभारलं तेही त्यांनीच. चित्रांत माणूस समोरून आणि पाठीमागून बसलेला दाखवला आहे, अंगावर मापाच्या रेघा आखल्या आहेत आणि प्रत्येक शिरेपासून निघालेली बारीक रेघ तिच्या नावापर्यंत जाते. यातली काही चित्रं काढताना ल्होद्राकच्या चित्रकाराने प्रत्यक्ष प्रेतं पाहिली होती, असं देसींनीच नोंदवलेलं आहे. ग्रंथात लिहिलेलं आणि डोळ्यांना दिसलेलं यांत फरक पडला तर काय करायचं, हा प्रश्न त्या काळात त्या चित्रकाराने आणि त्याच्या आश्रयदात्याने अंगावर घेतला, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

तरीही या नकाशाला आजच्या शरीरशास्त्राचं पुस्तक समजू नका. कपाळावरची, जिभेखालची, कोपराच्या घडीतली, पोटरीवरची, घोट्याजवळची अशा ज्या शिरा प्रत्यक्ष तोडल्या जातात, त्या त्वचेखाली दिसणाऱ्या खऱ्या निला आहेत. पण अमुक शीर अमुक अवयवाची, हा जो संबंध ग्रंथ सांगतो, त्याला आधुनिक शरीररचनेत आधार सापडत नाही. सुश्रुतही प्लीहेच्या विकारात डाव्या हाताची आणि यकृताच्या विकारात उजव्या हाताची शीर सांगतो. त्यामागे जवळच्या वाटेने दोष बाहेर काढण्याचा तर्क आहे. तो समजून घ्या, पण यकृताच्या आजाराचं निदान त्यावर सोडू नका.

पहिली पायरी : आजार 'गरम' आहे का

तिबेटी वैद्यकात तीन दोष : लुंग, ट्रिपा आणि बेकेन. साधारणपणे वात, पित्त, कफ. रक्त आणि ट्रिपा ही उष्णतेची जोडी. म्हणून रक्तमोक्षण हा उष्ण आजारांचा उपचार : रक्त आणि पित्त बिघडून आलेला पसरलेला ताप, लाल गरम सूज, वातरक्तासारखी (गाउटसारखी) सांध्यांची ठणक, काही त्वचारोग, विसर्प, रक्ताच्या दाबाने आलेली डोकेदुखी. लुंग किंवा बेकेनचे थंड आजार, अशक्तपणा, मंद झालेला जठराग्नी, झोप उडालेली, मन सैरभैर, अशा वेळी रक्त काढलं तर लुंग आणखी भडकतो, असं परंपरा सांगते.

ग्यूशी उपचारांची उतरंडही ठरवून देते. आधी आहार, मग विहार, मग औषध आणि या तिन्हींनी भागलं नाही तर बाह्य उपचार. बाह्य उपचारांतही शेक, मालीश, स्नान हे सौम्य. रक्तमोक्षण, डाग हे उग्र. त्यामुळे पहिल्याच भेटीत, आहाराची चौकशीही न करता कोणी शीर तोडू म्हणाला, तर त्याने ग्रंथाचाच क्रम मोडलेला आहे.

आता माझं स्पष्ट मत. आधुनिक वैद्यकात ठरावीक प्रमाणात रक्त काढण्याचा फायदा नीट सिद्ध झालेले आजार मोजकेच आहेत : रक्तपेशींची अतिवाढ, म्हणजे पॉलिसायथेमिया, आणि शरीरात लोह साठत जाणारा हिमोक्रोमॅटोसिस. या दोन आजारांत रुग्णालयातच रक्त काढतात. बाकीच्या तक्रारींसाठी तिबेटी रक्तमोक्षण घ्यायचं असेल तर ते पूरक म्हणून घ्या, चालू औषधं न थांबवता. छातीत दुखणं, एका बाजूचा अशक्तपणा, बोलण्यात अडखळणं, अचानक दिसेनासं होणं, पायाची एका बाजूची दुखरी सूज यांतलं काही असेल तर आधी रुग्णालय गाठा.

दुसरी पायरी : वैद्य पारखणं

लडाखात आणि हिमालयाच्या पट्ट्यात तिबेटी वैद्याला 'आमची' म्हणतात. तिबेटी समाजात 'मेनपा'. भारत सरकारने २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून सोवा रिग्पाला मान्यता दिली. २०२० च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय वैद्यक पद्धती आयोगाच्या कक्षेत ती आता आयुर्वेद, युनानी आणि सिद्ध यांच्या बरोबरीने येते. ल्हासात १९१६ मध्ये तेराव्या दलाई लामांनी सुरू केलेली मेन-त्सी-खांग ही संस्था १९६१ मध्ये धरमशालेत पुन्हा उभी राहिली आणि देशातल्या अनेक शहरांत तिचे शाखा दवाखाने आहेत. सारनाथच्या तिबेटी अध्ययन संस्थेत या वैद्यकाचा विभाग आहे. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, तेव्हा विदर्भातल्या वाचकांना हे लोक आणि त्यांची राहणी अगदीच परकी नाही.

वैद्याकडे गेल्यावर त्याची पदवी आणि नोंदणी विचारायला संकोच करू नका. बीएसआरएमएस ही या वैद्यकाची पदवी. जुन्या पद्धतीत मेनपा काचुपा ही उपाधी. मग सरळ विचारा : तुम्ही स्वतः रक्तमोक्षण करता का, कोणाकडे शिकलात, पातं दर वेळी नवं असतं का, रक्तस्राव थांबला नाही तर जवळचं रुग्णालय कोणतं? शेवटच्या प्रश्नाला तयार उत्तर देणारा वैद्य मला विश्वासाचा वाटतो. अनेक सोवा रिग्पा दवाखान्यांत फक्त नाडी आणि गोळ्या असतात, रक्तमोक्षण होत नाही, आणि ते दवाखाने तसं प्रामाणिकपणे सांगतात.

तिसरी पायरी : कोणाचं रक्त काढायचं नाही

ग्रंथाने वर्ज्य ठरवलेल्यांत लहान मुलं, म्हातारी माणसं, गर्भवती, बाळंतीण, धातू क्षीण झालेले आणि नुकतंच रेचन घेतलेले येतात. त्यात आजच्या ज्ञानाने भर घालावी लागते. पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय, असलेल्याने या वाटेला जाऊच नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. म्हणजे आपल्याकडे उपचाराला येणाऱ्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्त काढणं नव्हे, रक्त वाढवणं हवं आहे. म्हणून तपासणी न करता हात पुढे करू नका. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्त गोठण्याचा वेळ, साखर आणि रक्तदाब एवढं तरी आठवड्याभरातलं हवं. रक्तदानासाठी आपल्या देशात हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. इथेही तीच रेघ पाळावी.

वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन यांसारखी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ती स्वतःहून बंद करून या उपचाराला जाणं जीवावर बेतू शकतं. अशा माणसाने रक्तमोक्षण टाळावं हेच बरं. मधुमेह असेल तर पायाच्या शिरेला हात लावू देऊ नका, जखम चिघळते. डायलिसिससाठी ज्या हातात फिस्टुला केला आहे, किंवा स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत, तो हात कायम वर्ज्य. हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्ही असल्यास वैद्याला आधी सांगा. तुमच्यासाठीही आणि त्याच्यासाठीही.

चौथी पायरी : काढा, म्हणजे खरा उपचार

सगळ्यात जास्त लक्ष द्यायची पायरी ही.

तिबेटी वैद्यक तापाच्या सहा अवस्था मानतं : कच्चा, पसरलेला, रिकामा, दडलेला, जुना आणि गढूळ. रक्त काढण्याची खरी वेळ पसरलेल्या अवस्थेची. कच्च्या तापात दोष पिकलेला नसतो. त्या वेळी चीर दिली तर चांगलं रक्त जातं आणि आजार आतच राहतो. रिकाम्या तापात तर अंगात ताकदच उरलेली नसते. आयुर्वेद आमज्वरात, म्हणजे कच्च्या तापात, उतावीळ होऊ नका म्हणतो, त्याच जातीचा हा विचार आहे.

म्हणून आधी दोन गोष्टी करायच्या : आजार पिकवायचा आणि दूषित रक्त चांगल्या रक्तापासून वेगळं करायचं. तिबेटी वैद्य एकाला आजाराचं रक्त म्हणतात, दुसऱ्याला देह पोसणारं रक्त. दोन्ही मिसळलेली असताना शीर तोडली तर काय बाहेर पडेल यावर कोणाचाच ताबा नाही. ताक घुसळून लोणी वर आणावं तसं आधी हे वेगळेपण घडवायचं, हे काम काढ्याचं. हा काढा आपल्या घरातलाच आहे : हिरडा, बेहडा, आवळा. तिबेटीत अरुरा, बारुरा, क्युरुरा. तिबेटी परंपरेत भैषज्यगुरू बुद्धाच्या हातात जी वनस्पती दाखवतात तीही अरुराच, आपला हिरडा. सह्याद्रीत मुबलक होणारं हे फळ तिबेटात मात्र दक्षिणेकडून व्यापाराच्या वाटेने यायचं. इतक्या लांबून आणलेल्या फळावर त्यांनी उपचाराचं मुख्य दार उभं केलं.

काढा साधारण तीन ते पाच दिवस घेतात. मात्रा आणि वेळा वैद्य ठरवतो, आणि आजारानुसार त्यात इतर द्रव्यंही घालतो. पुडी पाण्यात उकळून, गाळून, कोमट घ्यायची. त्रिफळा आहे म्हणून घरचं चूर्ण मनाने घेऊन चालत नाही, कारण प्रमाण आणि जोडीची द्रव्यं वेगळी असतात. पोट थोडं सैल होणं अपेक्षित आहे. पण दिवसातून अनेकदा पातळ जुलाब होऊ लागले, चक्कर आली, तोंड कोरडं पडलं तर काढा थांबवून वैद्याला कळवा. पाणी कमी झालेल्या माणसाचं रक्त काढणं धोक्याचं असतं. या दिवसांत दारू, तळलेलं, फार तिखट, आंबट, उन्हातली कष्टाची कामं टाळा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर रोज मोजा.

आयुर्वेदात या जागी स्नेहन आणि स्वेदन येतं : तूप-तेल देऊन, घाम काढून दोष सैल करायचे आणि मग शिरावेध. तिबेटात तेलाऐवजी काढा पुढे आला. वाट निराळी असली तरी तयारी न करता शस्त्र न उचलण्याचा धडा दोन्हीकडे सारखाच.

मुदत संपली की वैद्य पुन्हा नाडी बघतो. मनगटावर तीन बोटं ठेवून, दोन्ही हातांवर. सकाळची पहिली लघवी रंग, वाफ, फेस, गाळ यांसाठी पाहतो. तयारी झालेली नसेल तर काढा आणखी चालू ठेवतो. तुम्ही रजा घेऊन आला आहात, परतीचं तिकीट काढलं आहे, यामुळे त्याच्यावर घाई लादू नका. या उपचाराला जायचं तर हाताशी किमान आठवडा असू द्या.

पाचवी पायरी : दिवस ठरवणं

तिबेटी परंपरेत 'ला' नावाची एक प्राणशक्ती मानतात. ती चंद्राच्या कलेबरोबर शरीरात फिरते. अमावास्येला पायाच्या तळव्यात, मग रोज वर सरकत पौर्णिमेला टाळूवर आणि पुन्हा खाली. ज्या दिवशी 'ला' ज्या जागी असेल तिथली शीर तोडायची नाही. मेन-त्सी-खांगचा ज्योतिषविभाग पंचांग काढतो, त्यात अशा गोष्टी दिलेल्या असतात. वैद्याने यामुळे दिवस बदलला तर बदलू द्या, त्याने तुमचं काही बिघडत नाही. कडाक्याची थंडी, भर उन्हाळा, जागरण झालेला दिवस, मासिक पाळीचे दिवस हे मात्र तुम्ही स्वतःच टाळा.

सहावी पायरी : प्रत्यक्ष शीर तोडताना

त्या दिवशी रिकाम्या पोटी जाऊ नका आणि पोटभर जेवूनही जाऊ नका. पेज, भाकरी असं हलकं खाऊन दीडएक तासाने जावं. पाणी पुरेसं प्या. बाह्या सैल असू द्या. सोबत एक माणूस हवाच.

हत्याराला तिबेटीत 'त्साकबू' म्हणतात. जुन्या पटचित्रांत कुऱ्हाडीच्या पात्यासारखी, विळ्यासारखी अशी त्याची अनेक रूपं दिसतात, जागेनुसार वेगवेगळी. ती पाहायला सुंदर आहेत, पण आज तुमच्या अंगाला लागणारं पातं बंद पाकिटातलं, एकदाच वापरायचं हवं आणि पाकीट तुमच्या समोर फोडलेलं हवं. उकळून ठेवलं आहे, विस्तवातून काढलं आहे, ही उत्तरं पुरेशी नाहीत. वैद्याच्या हातात मोजे आणि त्वचेवर जंतुनाशक, हेही तेवढंच आवश्यक.

अंग गरम असलं की शीर वर येते, म्हणून थंड मुलखात आधी उन्हात किंवा शेगडीजवळ बसवतात. मग जागेच्या वर पट्टा आवळतात. वैद्य शीर चोळतो, बोटाने टिचकी मारून फुगवतो आणि मुख्य म्हणजे ती उडते का ते बोटाखाली तपासतो. उडणारी ती धमनी. तिला हात लावायचा नाही. तिबेटी वैद्यकात धडधडणाऱ्या आणि शांत वाहिन्यांचा हा भेद फार जुना आहे. कोपराच्या घडीत धमनी आणि मज्जातंतू शिरेला अगदी लागून असतात, म्हणून ही तपासणी वैद्य किती वेळ घेऊन करतो याकडे लक्ष ठेवा. त्याने सावकाश केली तर हायसं वाटू द्या.

चीर क्षणात होते. चटका बसतो, मग कोमट धार जाणवते. रक्त मापाच्या भांड्यात घ्यायला सांगा. हातभर झिणझिण्या किंवा विजेसारखी कळ आली तर लगेच बोला, पातं मज्जातंतूजवळ गेलेलं असू शकतं. मळमळ, घाम, कानात आवाज, डोळ्यांपुढे अंधार, यांतलं काही झालं तर आडवं व्हा, पाय वर घ्या, पट्टा सोडायला सांगा. अशा वेळी धीर धरून बसून राहण्यात शौर्य नाही. खरं तर सुरुवातीपासूनच आडवं राहून करून घेणं सगळ्यात सुरक्षित.

सातवी पायरी : किती, आणि कुठे थांबायचं

वैद्य रक्ताचा रंग, दाटपणा, फेस आणि वास पाहत असतो. पित्ताचं रक्त पिवळसर पातळ, लुंगचं काळपट फेसाळ, बेकेनचं फिकट चिकट, असे ग्रंथातले भेद. दूषित रक्त संपून स्वच्छ लाल दिसू लागलं की थांबायचं, हा नियम. तो ऐकायला सोपा वाटतो आणि तिथेच धोका आहे. शिरेतलं रक्त निरोगी माणसातही काळपटच असतं, कारण त्यात प्राणवायू कमी असतो. रंग बदलण्याची वाट पाहत राहिलं तर हवं त्यापेक्षा जास्त रक्त जाऊ शकतं. म्हणून वरची मर्यादा आधीच ठरवून घ्या. रक्तपेढीत निरोगी, तपासलेल्या दात्याकडून एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर घेतात. आजारी माणसाचं रक्त काढताना त्याच्या बरंच खाली थांबावं. जुने ग्रंथही बळ पाहून मात्रा ठरवायला सांगतात. वाग्भटाने कमाल मर्यादा एक प्रस्थ (हे जुनं माप) अशी घातली आहे आणि ती बलवानासाठी. गरज वाटली तर पुन्हा केव्हातरी काढता येईल. एकदा गेलेलं रक्त मात्र भरून यायला आठवडे लागतात.

थांबवताना आधी पट्टा सुटतो, मग जागेवर स्वच्छ कापसाचा घट्ट दाब. दहा मिनिटं, मध्ये न उचलता. पुन्हापुन्हा उचलून पाहिलं की गोठलेलं रक्त सुटतं आणि धार लागते. चमकदार लाल रक्त उसळ्या मारत आलं तर ती धमनी आहे. जोराचा दाब, हात वर आणि तडक रुग्णालय.

आठवी पायरी : पुढचे दिवस

पहिला अर्धा तास दवाखान्यातच पडून राहा. त्या दिवशी गाडी चालवू नका, जड उचलू नका. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या गावात असाल तर दोन दिवस खिंडी, चढ, लांबचे प्रवास काढून टाका. पट्टी चोवीस तास कोरडी ठेवा. रक्त गेल्यावर लुंग वाढू नये म्हणून तिबेटी वैद्य हाडांचं गरम सूप देतात. शाकाहारी माणसाने मुगाचं कढण, तूप घातलेला मऊ भात, खजूर, नाचणीची आंबील असं घ्यावं. दारू, तंबाखू, कडक ऊन, उपास हे आठवडाभर नको.

थोडी हिरवट-काळी खूण राहते, ती दहा-बारा दिवसांत जाते. जागा तापली, लाली पसरत गेली, पू आला, ताप आला, हाताच्या बोटांची संवेदना परतली नाही, शिरेचा दोरीसारखा कडक दुखरा पट्टा लागला, किंवा उभं राहिल्यावर दुसऱ्या दिवशीही डोळ्यांपुढे अंधारी येत राहिली, तर तिबेटी वैद्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. आणि रक्त काढून घेतल्याचं त्यांच्यापासून लपवू नका.

दोन-तीन आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. मूळ तक्रार किती कमी झाली ते लिहून ठेवा : ठणक कोणत्या वेळी, सूज कुठवर, झोप कशी. पुढच्या भेटीत नाडीच्या जोडीला ही टिपणं चांगल्या वैद्याला उपयोगी पडतात. पुन्हा शीर तोडायची असं ठरलंच, तर रक्तदानातलं अंतर निदान पाळा : पुरुषांनी ९० दिवस, स्त्रियांनी १२० दिवस. आणि दुसऱ्या खेपेलाही तपासणी, काढा आणि नाडीची पुन्हा पाहणी हे सगळं पहिल्यापासूनच करून घ्यायचं.